डब्यात गेलेला अल्बम : बेट्टी लाव्हेट प्रकरण

हे प्रकरण कशाचं

डेट्रॉइटची एक सव्वीस वर्षांची गायिका १९७२ साली अलाबामातल्या मसल शोल्सला गेली आणि अख्खा अल्बम गाऊन आली. साथीला होते ते वादक त्या काळी अमेरिकेतल्या मोठमोठ्या गायकांना हवे असत. पाठीशी अटलांटिकसारखी मोठी रेकॉर्ड कंपनी होती. अल्बमचं नाव ठरलं, प्रसिद्धीचा दौरा ठरला, दौऱ्याची विमानाची तिकिटंही घरी आली. मग कंपनीतून फोन आला : तिकिटं परत पाठवा, अल्बम काढायचा नाही असं ठरलंय. का, ते कुणी सांगितलं नाही.

आपल्याकडे सिनेमा डब्यात गेला म्हणतात, तसा हा अल्बम डब्यात गेला. बाहेर आला तो २००० साली, आणि तोही फ्रान्समध्ये. गायिका तेव्हा ५४ वर्षांची होती.

प्रकरण अभ्यास (केस स्टडी) लिहिताना माणसाचं नाव बदलण्याचा रिवाज आहे. इथे तो पाळण्यात अर्थ नाही. तबकड्यांची नावं आणि सालं आली की जाणकार लगेच ओळखतील, आणि २०१२ च्या आत्मचरित्रात तिने स्वतःच हे सगळं उघड लिहिलं आहे. तेव्हा सरळच सांगतो : ही बेट्टी लाव्हेट. बाकी जे लोक प्रसिद्धीच्या झोतात नव्हते त्यांची नावं घेत नाही.

ही गोष्ट 'चाळीस वर्षांची चिकाटी आणि शेवटी यश' अशी सांगायची पद्धत पडून गेली आहे. ऐकायला बरी वाटते. पण तेवढीच चिकाटी असलेले कितीतरी गायक डेट्रॉइटच्या बारमध्ये गातागाताच म्हातारे झाले, आणि त्यांच्यावर कुणी लेख लिहीत नाही. मला बघायचंय ते एवढंच, की कुठल्या वळणावर निर्णय तिच्या हातात होता, कुठे नव्हता, आणि होता तेव्हा तिने काय केलं.

पार्श्वभूमी

सोल ब्लूज हा शब्द मराठी वाचकाला फारसा ओळखीचा नसेल. चर्चमधल्या गॉस्पेलचा आवेश आणि ब्लूजमधली संसारी तक्रार एकत्र आली, त्यावर पितळी वाद्यं आणि ऑर्गन चढले, की जे गाणं होतं ते हे. विषय बहुतेक मोठ्या माणसांचे : फसवणूक, बाहेरख्यालीपणा, पगाराचा दिवस, उरलेलं प्रेम. बॉबी ब्लँड, लिटल मिल्टन, जॉनी टेलर, डेनीस लासाल ही यातली ठळक नावं. १९८०च्या दशकात मिसिसिपीतल्या जॅक्सन शहरातल्या मलाको कंपनीने या गाण्याला घर दिलं, झेड. झेड. हिलचा १९८२चा 'डाउन होम' हा अल्बम चालला आणि मोठ्या कंपन्यांनी वाऱ्यावर सोडलेले गायक एकेक करून तिथे गोळा झाले. लाव्हेट वयाने आणि घडणीने याच पिढीतली, पण मलाकोच्या वाटेने गेली नाही. तिला 'ब्लूज गायिका' म्हटलेलंही फारसं रुचत नाही. आपण दुसऱ्यांच्या गाण्यांचा अर्थ लावणारी आहोत, असं ती म्हणते. हा मुद्दा पुढे महत्त्वाचा ठरतो.

जन्म २९ जानेवारी १९४६, मिशिगनमधलं मस्कीगन. जन्मनाव बेट्टी जो हॅस्किन्स. लहानपणीच कुटुंब डेट्रॉइटला आलं. आईवडील घरातच मक्याची दारू विकत, आणि बैठकीच्या खोलीत ज्यूकबॉक्स होता. सोल स्टिरर्ससारख्या गॉस्पेल गटांची माणसं गावात कार्यक्रमाला आली की तिच्या घरी येऊन बसत. देवाची गाणी झाली की घसा ओला करायला जागा लागतेच. त्या पिढीतल्या बहुतेक गायिका चर्चच्या वृंदातून आल्या. ही आली ज्यूकबॉक्ससमोरून. म्हणून तिच्या गाण्यात चर्चची उंच, लांबवलेली तान कमी आणि बोलल्यासारखं गाणं जास्त आहे, असं माझं मत.

सोळाव्या वर्षी, १९६२ साली, पहिली तबकडी निघाली : 'माय मॅन, ही इज अ लव्हिंग मॅन'. ती काढणारी जॉनी मे मॅथ्यूज ही डेट्रॉइटमध्ये स्वतःची रेकॉर्ड कंपनी चालवणारी कृष्णवर्णीय बाई. त्या काळात ही गोष्टच विरळ होती. अटलांटिकने ती तबकडी उचलली आणि गाणं देशाच्या आर अँड बी यादीत, म्हणजे कृष्णवर्णीयांच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत, सातव्या क्रमांकावर गेलं. पोरीला शाळेतून एकदम दौऱ्यावर धाडलं गेलं. क्लाइड मॅकफॅटर, बेन ई. किंग आणि तेव्हा नवखा असलेला ओटिस रेडिंग यांच्याबरोबर.

इथे पहिलं वळण येतं. दुसरी तबकडी चालली नाही, आणि तिने अटलांटिककडे करारातून मोकळं करा अशी मागणी केली. कंपनीचा जेरी वेक्सलर तिला जाऊ द्यायला फारसा राजी नव्हता. ती गेली. सतराव्या वर्षी, पहिलं गाणं सातव्या क्रमांकावर गेलेलं असताना, पुढचंही असंच होणार असं वाटणं स्वाभाविक आहे. सल्ला द्यायला भोवती जे होते तेही तिच्याएवढेच अननुभवी.

पुढची दहा वर्षं फुटकळ तबकड्यांची. १९६५ साली न्यूयॉर्कच्या कॅला कंपनीसाठी 'लेट मी डाउन ईझी', यादीत विसावा क्रमांक. हे गाणं आजही तिच्या कार्यक्रमांत असतं, आणि ऐकणाऱ्याने एकच ऐकायचं असेल तर हेच ऐकावं. १९६९ साली सिल्व्हर फॉक्ससाठी मेम्फिसमध्ये केलेलं 'ही मेड अ वुमन आउट ऑफ मी', पंचविसावा क्रमांक. अधेमधे आणखी कंपन्या, आणखी तबकड्या. प्रत्येक वेळी थोडं वर जायचं, मग कंपनी बुडायची, विकली जायची किंवा कंटाळायची. या सगळ्या काळात तिचा एकही अल्बम निघाला नाही, सगळी सुटी गाणी. साठच्या दशकाच्या शेवटापर्यंत बाजार सुट्या तबकड्यांकडून अल्बमकडे सरकला होता, आणि ज्याचा अल्बम नाही तो गायक मोठ्या सभागृहांच्या हिशेबातच नसे.

अडचण

१९७२ साली अटलांटिकने, म्हणजे तिच्या अॅटको या शाखेने, तिला परत घेतलं. या वेळी सुटं गाणं नाही, अल्बम. निर्माता ब्रॅड शपिरो. जागा मसल शोल्स साउंड, म्हणजे टेनेसी नदीकाठच्या लहानशा गावातला तो स्टुडिओ जिथे बासवादक डेव्हिड हूड आणि त्याच्या साथीदारांनी स्वतःचं दुकान थाटलं होतं. अल्बमचं नाव 'चाइल्ड ऑफ द सेव्हन्टीज'.

आधी चव बघायला म्हणून नील यंगचं 'हार्ट ऑफ गोल्ड' सुटं काढलं. मूळ गाणं त्याच वर्षी अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर होतं. तिने ते इतकं बदललं की गिटारवर गुणगुणण्याजोगं ते गाणं हक्काने मागायला आलेल्या बाईचं झालं. चाललं नाही. पुढे 'युअर टर्न टू क्राय' निघालं, तेही चाललं नाही. अल्बम थांबला.

कारण तिला सांगितलं गेलं नाही हे लक्षात ठेवायला हवं, कारण यातली खरी इजा तिथे आहे. अल्बम पडला असता तर निदान पडला म्हणून कळलं असतं. लोकांना आवडला नाही, वेळ चुकली, गाणी चुकली, काहीतरी शिकता आलं असतं. इथे लोकांनी ऐकलाच नाही. ती सांगते की त्या फोननंतर ती जेवणाच्या टेबलाखाली जाऊन बसली आणि बाहेर यायला तयार नव्हती. वाचताना हसू येतं, मग येत नाही.

बाहेरचं चित्र असं होतं. अटलांटिक तोवर मालक बदलून मोठ्या उद्योगसमूहात गेली होती. लेड झेपलिन तिच्याकडे होते, १९७१ पासून रोलिंग स्टोन्सच्या तबकड्यांचं वितरणही. कृष्णवर्णीय गायिकांमध्ये अरीथा फ्रँकलिन आणि रोबर्टा फ्लॅक तिथे होत्याच. अशा घरात, दोन सुटी गाणी पडलेल्या डेट्रॉइटच्या मुलीच्या अल्बमवर आणखी पैसे घालायचे की नाही, हा कंपनीच्या दृष्टीने कदाचित दहा मिनिटांचा विषय असेल. तिच्या दृष्टीने तो पुढच्या अठ्ठावीस वर्षांचा होता.

आणि टेप कुणाची? कंपनीची. करार त्या काळच्या रीतीप्रमाणे. तिला ती गाणी दुसऱ्या कुणाकडे घेऊन जाता येत नव्हती, विकता येत नव्हती, स्वतः काढता येत नव्हती. तिच्याजवळ एक प्रत होती, ती ती ओळखीच्यांना ऐकवत असे. एवढाच तिचा हक्क.

समोरचे पर्याय

एक, गाणं सोडायचं. डेट्रॉइट म्हणजे मोटारींचे कारखाने, आणि त्या काळात मोटाउन या तिथल्या बड्या रेकॉर्ड कंपनीच्या कितीतरी माजी गायकांनी तिकडचा रस्ता धरला. आई होती, मुलगी होती, घर चालवायचं होतं. व्यवहाराने पाहिलं तर हाच पर्याय सरळ होता.

दोन, दुसरी कंपनी शोधून तीच लढाई पुन्हा लढायची. हे ती करतच आली होती.

तीन, रंगभूमी किंवा हॉटेलं-क्लब, म्हणजे तबकडी नसली तरी पोट भरेल असं गाणं. मात्र त्यासाठी वेगळी तयारी लागते. तबकडीवाला गायक स्वतःची चार गाणी गातो आणि उतरतो. क्लबमधल्या गायकाला तीन तास भरायचे असतात, समोरचे लोक जेवत असतात, त्यांना ओळखीची गाणी हवी असतात.

चौथा पर्याय बाहेरून बघणाऱ्याला सहज सुचतो : स्वतः गाणी लिहायची. याचं महत्त्व अमेरिकेत जास्त, कारण तिथे साध्या एएम-एफएम रेडिओवर गाणं वाजलं तर पैसे मिळतात ते गीतकार-संगीतकाराला. गाणाऱ्याला काहीच नाही. आजही नाही. 'लेट मी डाउन ईझी' रेडिओवर कितीही वेळा वाजलं तरी तिच्या हाती त्याचे पैसे पडत नाहीत. आपल्याकडे हाच वाद साठच्या दशकात लता मंगेशकर आणि मोहम्मद रफी यांच्यात झाला होता. गायकाला रॉयल्टी हवी असं लताबाईंचं म्हणणं. एकदा बिदागी घेतली की आपलं काम संपलं, असं रफीसाहेबांचं. दोघं काही वर्षं एकत्र गायले नाहीत. भारतात गायकांना कायद्याने तो हक्क मिळाला तो २०१२च्या कॉपीराइट दुरुस्तीने. लाव्हेटला गाणी लिहिण्यात रस नव्हता. तिचं बळ दुसऱ्याच्या गाण्यात शिरण्यात होतं, आणि नेमकं तेच बळ पैशाच्या दृष्टीने सगळ्यात स्वस्त धरलं जात होतं.

काय केलं

तिने तिसरा धरला, आणि दुसरा कधी सोडला नाही.

तिसरा जमला त्याचं श्रेय तिच्या व्यवस्थापकाला, जिम लुइसला. हा मूळचा ट्रोम्बोनवादक, डेट्रॉइटच्या वादक संघटनेत काम करणारा, तिच्याहून एक पिढी जुना. त्याने तिला कौतुकाचं काही सांगितलं नाही. दिसायला छान आहेस, आवाज मोठा आहे, पण अजून तू गायिका झालेली नाहीस, या अर्थाचं त्याने तोंडावर सांगितलं असं ती वारंवार सांगते. त्याने तिला जुनी, तिच्या जन्माआधीची लोकप्रिय गाणी शिकायला लावली. ती तिला आवडत नव्हती. त्याचं म्हणणं एवढंच होतं की तबकडी चालो न चालो, हे आलं तर कुठल्याही शहरात, कुठल्याही खोलीत, कसल्याही वादकांबरोबर उभं राहता येईल.

मला या प्रकरणातला सगळ्यात मोठा निर्णय हा वाटतो. तो कराराच्या कागदावर नाही, तारीखही सांगता येत नाही. ज्याच्या हाताखाली कुणी ख्याल शिकला असेल त्याला हे पटकन कळेल : मैफल मिळत नाही म्हणून रियाज थांबवायचा नसतो, हे सांगणारा घरात कुणीतरी लागतो. लुइसने तिला नाव मिळवून दिलं नाही. नाव मिळेल त्या दिवशी गळा तयार असेल, एवढी सोय त्याने केली.

बाकीची वर्षं भराभर सांगता येतात. १९७८ साली वेस्ट एंड कंपनीसाठी 'डुइंग द बेस्ट दॅट आय कॅन' हे डिस्को गाणं केलं, नाचाच्या क्लबांत ते चाललं. मग 'बबलिंग ब्राउन शुगर' या संगीत नाटकात अनेक वर्षं फिरली, होनी कोल्स आणि कॅब कॅलोवेसारख्या बुजुर्गांसोबत. रोज रात्री तेच नाटक, ठरलेल्या वेळी पडदा, ठरलेला पगार. या काळात तिने जे शिकलं ते पुढे कामी आलं : मंचावर कुठे उभं राहायचं, शांत कधी व्हायचं, प्रेक्षकाकडे कधी बघायचं नाही.

१९८२ साली मोटाउनने अल्बम काढला. तिचं गाव डेट्रॉइट, मोटाउनही डेट्रॉइटची, पण कंपनी केव्हाच लॉस एंजेलिसला गेलेली आणि अल्बम झाला नॅशव्हिलमध्ये. पहिली तबकडी निघाल्यावर वीस वर्षांनी पहिला अल्बम! त्यातलं एक गाणं आर अँड बी यादीत पस्तिसाव्या क्रमांकावर गेलं. त्यापलीकडे काही झालं नाही. पुढची बरीच वर्षं डेट्रॉइटचे क्लब.

दरम्यान समुद्रापलीकडे

तिला फारसं ठाऊक नसताना एक वेगळी गोष्ट चालू होती. उत्तर इंग्लंडमधल्या नाचाच्या क्लबांत सत्तरच्या दशकापासून अमेरिकेत पडलेल्या, विसरलेल्या सोल तबकड्यांचं वेड होतं. जितकी तबकडी दुर्मीळ तितकी किंमत जास्त. तिकडून हे वेड युरोपभर पसरलं. लाव्हेटच्या साठच्या दशकातल्या, अमेरिकेत आठवडाभर वाजून गेलेल्या सुट्या तबकड्या या लोकांच्या कपाटांत जपून ठेवलेल्या होत्या.

अशाच एका फ्रेंच संग्राहकाने, जिल पेतारने, १९७२च्या अल्बमचा पिच्छा धरला. त्याची आशा फारशी नव्हती असं म्हणायला जागा आहे, कारण १९७८ साली न्यू जर्सीतल्या लाँग ब्रँच इथल्या अटलांटिकच्या गोदामाला आग लागून न निघालेल्या रेकॉर्डिंगांचा मोठा साठा जळाला होता, आणि हाही त्यातच गेला अशी समजूत होती. गेला नव्हता. मूळ टेप सापडल्या. पेतारने अटलांटिककडून रीतसर परवाना घेतला आणि २००० साली आपल्या 'आर्ट अँड सोल' या लहानशा लेबलवर तो 'सुव्हेनीर्स' नावाने काढला. त्याच सुमारास नेदरलँड्समधल्या म्युनिक रेकॉर्ड्सने तिच्या युट्रेख्टच्या कार्यक्रमाचं रेकॉर्डिंग काढलं.

हे दोन्ही एकाच वेळी आले, आणि माझ्या मते खरा फरक त्याने पडला. नुसता 'सुव्हेनीर्स' आला असता तर चार समीक्षकांनी 'हरवलेला हिरा' वगैरे लिहिलं असतं आणि विषय संपला असता. अशा हरवलेल्या हिऱ्यांनी दुकानं भरली आहेत. पण शेजारी दुसरी तबकडी होती आणि ती सांगत होती की ही बाई अजून गाते, आणि सव्वीसाव्या वर्षी गायची त्याहून चांगलं गाते. आवाज जाड झालेला, वरचे सूर खरखरीत. आता मात्र एकही ओळ नुसती म्हणून जात नव्हती. लुइसने लावलेली शिस्त इथे वसूल झाली.

दुसरी संधी आणि तिथले निर्णय

२००३ साली डेनिस वॉकरच्या निर्मितीत 'अ वुमन लाइक मी' आला, आणि ब्लूजमधला २००४चा डब्ल्यू. सी. हँडी पुरस्कार मिळाला, पुनरागमनाचा अल्बम म्हणून. इथून एक सोपी वाट होती : ब्लूज महोत्सव, ब्लूजची मासिकं, ब्लूजचे पुरस्कार. प्रेक्षक ठरलेला, वयाने मोठा, निष्ठावान. उरलेलं आयुष्य सुखाने गेलं असतं.

तिने दुसरी वाट घेतली. लॉस एंजेलिसची 'अँटी' ही कंपनी एका पंक रॉक लेबलची बहीण. टॉम वेट्ससारखे लोक तिथे होते. २००२ साली याच घरातून जुन्या सोल गायक सॉलोमन बर्कचा अल्बम आला होता, निर्माता जो हेन्री. नव्या, नावाजलेल्या गीतकारांची गाणी आणि म्हाताऱ्या गायकाचा गळा, अशी ती जुळणी होती. त्याला ग्रॅमी मिळालं. म्हणजे नमुना तयार होता, आणि कंपनीला तो पुन्हा करून बघायचा होता. लाव्हेटच्या बाबतीत एक अट जास्त : सगळी गाणी बायकांनी लिहिलेली. शिनेड ओकॉनर, डॉली पार्टन, लुसिंडा विल्यम्स, जोन आर्माट्रेडिंग, फिओना अॅपल.

यात धोका होता आणि तो कमी लेखू नये. ही गाणी तिच्या श्रोत्यांची नव्हती. साठ वर्षांच्या कृष्णवर्णीय गायिकेला तरुण रॉक श्रोत्यांपुढे मांडायचं म्हणजे ती एक गंमत म्हणून राहून जाण्याची शक्यता मोठी. शिवाय गाण्यांची कल्पना कंपनीची, निर्माता कंपनीचा. १९७२ सारखंच सगळं पुन्हा दुसऱ्यांच्या हाती.

तिने हातात ठेवला तो एकच हक्क : कुठलं गाणं गायचं आणि ते कसं बदलायचं. पुढे आलेल्या ढिगातून जे आपलं वाटेल तेच घ्यायचं, आणि घेतल्यावर मूळ गायिकेची चाल, लय, वेळ पडली तर शब्दही आपल्या वयाला बसतील असे करून घ्यायचे. नाट्यसंगीत ऐकणाऱ्याला यात नवल वाटायला नको. तेच पद दोन गायकांनी गायलं की दोन पदं होतात. अमेरिकेत, जिथे स्वतःचं गाणं स्वतः लिहिणं हाच खऱ्या कलावंताचा दाखला मानला जाऊ लागला होता, तिथे हे ठासून सांगावं लागलं. २००५चा अल्बम 'आयव्ह गॉट माय ओन हेल टू रेझ' गाजला. नावाची ओळ फिओना अॅपलच्या गाण्यातली आहे. ऐकताना कुणालाही ती लाव्हेटचीच वाटेल.

२००७ साली ती मसल शोल्सला परत गेली, या वेळी तिथल्याच फेम स्टुडिओत. साथीला ड्राइव्ह-बाय ट्रकर्स हा अमेरिकेच्या दक्षिणेतला रॉक गट. त्याचा प्रमुख पॅटर्सन हूड हा १९७२च्या बासवादक डेव्हिड हूडचा मुलगा. डेव्हिड हूडही वाजवायला आला. अल्बमचं नाव 'द सीन ऑफ द क्राइम', म्हणजे गुन्हा घडला ती जागा. नाव ठेवण्यात तिचा हात कुणी धरू शकणार नाही. याच अल्बमसाठी तिने पॅटर्सनबरोबर एक गाणं लिहिलंही, स्वतःच्याच भांडणांवर.

परिणाम

'द सीन ऑफ द क्राइम'ला ग्रॅमी नामांकन मिळालं, आणि पुढच्या अल्बमांनाही मिळत राहिली. डिसेंबर २००८ मध्ये वॉशिंग्टनच्या केनेडी सेंटरमध्ये 'द हू' या ब्रिटिश गटाचा सत्कार होता. तिथे तिने त्यांचं 'लव्ह, रेन ओअर मी' गायलं. मूळ गाणं हे रॉकचा धबधबा. तिने ते इतकं संथ केलं की प्रत्येक शब्द मागणी होऊन बसला. वर सज्जात बसलेल्या, ते गाणं लिहिणाऱ्या पीट टाउनशेंडचा चेहरा बघावा, आपलंच गाणं आज कळतंय असा. महिन्याभराने, १८ जानेवारी २००९ला, ओबामांच्या शपथविधीआधीच्या कार्यक्रमात लिंकन स्मारकासमोर तिने जॉन बॉन जोवीसोबत सॅम कुकचं 'अ चेंज इज गॉना कम' गायलं. कुक प्रसिद्धीला आला तो सोल स्टिरर्समधून, ज्या गटाची माणसं तिच्या लहानपणी घरी येऊन बसत.

२०१० साली ब्रिटिश रॉक गाण्यांचा अल्बम, २०१८ साली अख्खा अल्बम बॉब डिलनच्या गाण्यांचा, २०२० साली ब्लूज हॉल ऑफ फेममध्ये प्रवेश. साठीनंतर तिने जितके अल्बम केले तितके आधीच्या सबंध आयुष्यात निघाले नव्हते.

मात्र जमाखर्च मांडायचा तर वजा बाजूही लिहायला हवी. सत्तावीस ते चौपन्न ही गायिकेच्या गळ्याची भर वर्षं. त्या काळातला आवाज थोड्याशा तबकड्यांपुरताच शिल्लक आहे. क्लबमधली हजारो गाणी हवेत गेली.

वेगळं काय करता आलं असतं

१९६३ला अटलांटिक सोडलं नसतं तर? हा प्रश्न सगळे विचारतात. अटलांटिकने अरीथाला १९६६च्या अखेरीस करारबद्ध केलं आणि १९६७च्या जानेवारीत फेममध्ये नेलं. तिथून पुढचा इतिहास सर्वांना माहीत आहे. लाव्हेट तिथेच असती तर ती वाट तिला मिळाली असती, हे मात्र मला पटत नाही. १९६३ ते ६६ ही तीन वर्षं मधे आहेत, आणि चाललेल्या एका गाण्याच्या भांडवलावर कंपन्या तीन वर्षं थांबत नसत. तरी भांडून बाहेर पडण्याऐवजी जाणत्या माणसाला विचारून बाहेर पडता आलं असतं. लुइससारखा माणूस दहा वर्षं आधी हवा होता.

१९७२च्या बाबतीत तिच्या वागण्यात मला चूक दिसत नाही. चूक कागदात होती. ठरावीक मुदतीत कंपनीने अल्बम काढला नाही तर टेप विकत घेण्याचा पहिला हक्क गायकाला, एवढं एक कलम असतं तरी ती त्या टेप घेऊन दुसऱ्या दारात उभी राहू शकली असती. तेव्हाच्या डेट्रॉइटच्या गायिकेला असं कलम मिळालं असतं का? बहुधा नाही. आज मिळू शकतं, आणि पुण्या-मुंबईत स्वतंत्र अल्बम करणाऱ्या तरुण गायकांनी करारावर सही करण्याआधी ते एकदा मागून बघावं. नाही म्हटलं तरी समोरच्याचा इरादा कळतो.

डिस्कोच्या तबकडीनंतर लगेच रेकॉर्डिंग बाजूला ठेवून नाटकात जाणं, यावर माझं मत दोन्हीकडे झुकतं. चाललेलं गाणं मागे टाकून जाणं हे १९६३चीच पुनरावृत्ती वाटते. पण नाटकातली ती वर्षं नसती तर केनेडी सेंटरमधली ती काही मिनिटं तशी झाली नसती. पगार वेळेवर मिळत होता हेही काही कमी नाही.

युरोपचं मात्र चुकलंच. आपल्या तबकड्या तिकडे कोण ऐकतंय, कोण जपतंय, याचा शोध ऐंशीच्या दशकात घेतला असता तर पेतारची वाट बघावी लागली नसती. बाजार होता, तिकडे बघायला कुणाला नेमलं नव्हतं.

राहता राहिला तो अल्बम. 'सुव्हेनीर्स' हे पेतारने दिलेलं नाव. २००६ साली ऱ्हायनो या रेकॉर्ड कंपनीच्या, संग्राहकांसाठी मोजक्या प्रती काढणाऱ्या शाखेने तो पुन्हा काढला. ऱ्हायनो आणि अटलांटिक एकाच उद्योगसमूहातल्या, म्हणजे ज्या घराने तो दाबला त्याच घरातून तो निघाला, पहिल्यांदाच स्वतःच्या मूळ नावाने. 'चाइल्ड ऑफ द सेव्हन्टीज'. गायिकेला त्या वर्षी साठ वर्षं पूर्ण झाली होती.